नवजात अतिदक्षतेचे सदृशीकरण-प्रशिक्षण

नवजात अतिदक्षतेचे सदृशीकरण-प्रशिक्षण : जन्मतः श्वास न घेणाऱ्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा गंभीर आजारी अर्भकावर करावयाचे तातडीचे उपचार प्रत्यक्ष अर्भकावर करण्यापूर्वी त्याच्या प्रतिकृतीवर व शक्य तितक्या खऱ्या परिस्थितीत डॉक्टर आणि परिचारिका यांच्याकडून पुनःपुन्हा करवून घेण्याची शिक्षणपद्धती. इंग्रजीत ‘सिम्युलेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रियेस मराठीत सदृशीकरण आणि त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या साधनास सदृशक असे म्हणतात. वैमानिकांच्या प्रशिक्षणात ही पद्धती फार पूर्वीच रूढ झाली होती. वैद्यकात ती प्रथम प्रसूतिविज्ञान व शुद्धिहरणशास्त्र या शाखांत आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नवजातवैद्यकात आली. नळी घालण्यासारखी हस्तकौशल्ये, अपुऱ्या वेळात निर्णय घेण्याची क्षमता आणि अनेकांनी एकत्र काम करण्याची शिस्त या तिन्ही गोष्टी तिच्याद्वारे शिकविल्या जातात.

शरीरक्रियात्मक पार्श्वभूमी : गर्भाशयात असताना गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात व ऑक्सिजनाचा पुरवठा वारेमार्फत होतो. जन्मानंतर पहिल्या काही श्वासांबरोबर हा द्रव शोषला जाऊन त्याची जागा हवा घेते, फुप्फुसातील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि रक्ताभिसरणाचा मार्ग बदलतो [⟶ प्रसूतिविज्ञान]. हा बदल रोखला गेला, तर अर्भकाचे श्वसन थांबते व त्यापाठोपाठ हृद्‌स्पंदने मंदावतात. श्वासरोधाच्या पहिल्या अवस्थेत पुसणे व पाठ चोळणे यांसारख्या उद्दीपनाने श्वास सुरू होतो. दुसऱ्या अवस्थेत तो सुरू होत नाही व बाहेरून दाबाने हवा द्यावी लागते. या दोन अवस्था केवळ पाहून वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यामुळे उद्दीपनाला प्रतिसाद न मिळाल्यास जन्मापासून एका मिनिटाच्या आत पिशवी व मुखवटा यांच्या साहाय्याने वायुवीजन सुरू करावे, असा नियम आहे. या पहिल्या मिनिटास ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात.

पूर्ण दिवसांच्या अर्भकांपैकी सुमारे ८५ टक्के अर्भके आपण होऊन व आणखी सुमारे १० टक्के पुसणे-चोळणे यांनंतर श्वास घेऊ लागतात. सुमारे ५ टक्क्यांना दाबाने वायुवीजन, सुमारे २ टक्क्यांना श्वासनालात नळी आणि दर हजारी एक ते तिघांना छातीदाबन किंवा औषधे लागतात. या आकड्यांतच शिक्षणाची मुख्य अडचण आहे. वर्षाला हजार प्रसूती होणाऱ्या रुग्णालयात छातीदाबनाचा प्रसंग वर्षातून एक-दोनदाच येतो, तोही बहुधा अवेळी. त्या वेळी हजर असलेल्या डॉक्टराने ती क्रिया यापूर्वी कधी केलेली असेलच असे नाही. मात्र प्रसंग येतो तेव्हा चूक सुधारण्यास मिनिटांचीच मुदत असते आणि चुकीचे परिणाम मेंदूला कायमची इजा किंवा मृत्यू यांच्या रूपाने दिसतात.

पूर्वीची शिक्षणपद्धती : एखादी क्रिया एकदा पाहावी, एकदा करावी व मग दुसऱ्यास शिकवावी, ही वैद्यकीय शिक्षणातील जुनी परंपरा होय. नवजात विभागात तिचा अर्थ असा होई, की शिकाऊ डॉक्टराचा पहिला प्रयत्न आजारी अर्भकावरच होत असे. याला पर्याय म्हणून श्वासनालात नळी घालण्याचा सराव काही देशांत मांजरे व फेरेट या प्राण्यांवर, तर काही ठिकाणी नुकत्याच मृत झालेल्या अर्भकांवर केला जाई. प्राण्यांवरील सरावास प्राणिदयेच्या आणि मृत अर्भकावरील सरावास पालकांच्या संमतीच्या दृष्टीने आक्षेप घेण्यात आले व दोन्ही प्रथा मागे पडल्या.

याच काळात उपचारांतही बदल झाला. गर्भजलात जातविष्ठा मिसळलेली असल्यास निपचित अर्भकाच्या श्वासनालात नळी घालून ती शोषून घेण्याची पूर्वी सरसकट पाळली जाणारी पद्धत २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनंतर बंद झाली. अकालजात अर्भकांनाही नळी न घालता नाकावाटे सतत दाबाने हवा देण्याचे प्रमाण वाढले. हे बदल अर्भकांच्या हिताचे आहेत. परंतु त्यांमुळे शिकाऊ डॉक्टरांना नळी घालण्याची संधी पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी मिळते. उपचार जितके सौम्य होत जातात, तितकी कठीण प्रसंगातील कौशल्ये दुर्मिळ होतात. ही उणीव भरून काढण्याचे काम आता मुख्यत्वे सदृशीकरणावर आले आहे.

इतिहास : प्रतिकृतीवरून प्रसूतीचे शिक्षण देण्याचे सुप्रसिद्ध जुने उदाहरण अठराव्या शतकातील फ्रान्समधील आहे. आंजेलिक द्यू कूद्रे या सुईणीने कापड व चामडे यांपासून स्त्रीचे कटिर आणि अर्भक यांची प्रतिकृती तयार केली होती. पंधरावे लुई यांच्या आज्ञेने १७५९ पासून त्यांनी प्रांतोप्रांती फिरून हजारो ग्रामीण सुईणींना या प्रतिकृतीच्या साहाय्याने शिकविले. अर्भकमृत्यू कमी करणे हा या मोहिमेचा हेतू होता. त्यांची एक प्रतिकृती रूआन येथील वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.

आधुनिक काळात नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये तोंडाने कृत्रिम श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेससी ॲन’ ही मानवाकृती बाजारात आणली. त्याच दशकात अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीव्हन एब्रहॅमसन व जडसन डेन्सन यांनी शुद्धिहरणाच्या प्रशिक्षणासाठी ‘सिम वन’ हा संगणकनियंत्रित पुतळा तयार केला; मात्र भारी खर्चामुळे त्याचा प्रसार झाला नाही.

सांघिक प्रशिक्षणाची कल्पना विमानवाहतुकीतून आली. १९७७ मध्ये टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. मुख्य वैमानिकाच्या निर्णयाबद्दल सहकाऱ्याला आलेली शंका पुरेशा ठामपणे मांडली गेली नाही व ऐकलीही गेली नाही, असे चौकशीत दिसून आले. यानंतर वैमानिकांना यंत्रज्ञानाबरोबरच परस्पर संवादाचेही प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शुद्धिहरणतज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९८०–९० या दशकाच्या अखेरीस हे तत्त्व शस्त्रक्रियागृहात आणले. त्याच विद्यापीठातील नवजाततज्ञ लुई हॅलामेक यांनी १९९० नंतरच्या दशकात प्रसूतिगृहाची हुबेहूब मांडणी करून नवजात पुनरुज्जीवनासाठी असा अभ्यासक्रम तयार केला व त्याचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध केले.

अमेरिकेत बालरोग अकादमी व हृदय संघटना यांनी मिळून नवजात पुनरुज्जीवन कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू केला होता. आरंभी त्यात व्याख्याने, लेखी परीक्षा व बाहुलीवरील प्रात्यक्षिक यांचा समावेश असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीपासून व्याख्यानांची जागा सदृशीकरण व त्यानंतरची चर्चा यांनी घेतली. प्रसूतीच्या वेळी अर्भकांना झालेल्या मृत्यूंच्या व गंभीर इजांच्या ४७ प्रकरणांची छाननी अमेरिकेतील रुग्णालय-प्रमाणन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी ७२ टक्के प्रकरणांत संवादातील दोष हे मूळ कारणांपैकी एक असल्याचे आढळले. सांघिक सरावाकडे वळण्यास हा अहवाल बऱ्याच अंशी कारणीभूत ठरला.

साधने : सदृशकांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात एकाच क्रियेसाठी असलेली सुटी साधने येतात. श्वासनालात नळी घालण्याच्या सरावासाठी अर्भकाचे डोके व मान यांची प्रतिकृती, तसेच वातवक्ष झाल्यास सुईने हवा काढण्यासाठी छातीची प्रतिकृती ही त्याची उदाहरणे होत. नाभी नीलेत नळी घालण्याच्या सरावासाठी प्रसूतीनंतर मिळणारी खरी नाळ बाटलीच्या तोंडात बसवून वापरण्यात येते. जवळजवळ विनामूल्य असलेले हे साधन महाग प्रतिकृतींपेक्षा अधिक यथार्थ असते.

दुसऱ्या प्रकारात संपूर्ण अर्भकाची साधी बाहुली येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातील ‘निओनॅटली’ ही बाहुली कोमट पाण्याने भरता येते. त्यामुळे तिला खऱ्या अर्भकासारखे वजन, ऊब व शिथिलपणा येतो. प्रशिक्षक फुगा दाबून तिच्या नाळेतील स्पंदने व श्वास दाखवितो. मुखवटा नीट बसला व मान योग्य स्थितीत असली, तरच तिची छाती वर उचलली जाते.

तिसऱ्या प्रकारात संगणकनियंत्रित पुतळे येतात. त्यांचे रडणे, हालचाल, हृद्‌स्पंदने, त्वचेची निळसर छटा व पडद्यावरील ऑक्सिजनाचे प्रमाण हे सर्व दूरनियंत्रणाने बदलता येते. अकालजात अर्भकांच्या प्रतिकृतीही तयार झाल्या आहेत. व्हिएन्ना येथे तयार होणारी ‘पॉल’ ही प्रतिकृती सुमारे २७ आठवड्यांच्या अर्भकाची असून तिची लांबी ३५ सेंमी. व वजन १ किग्रॅ. आहे. साधन जितके महाग तितके शिक्षण चांगले, असे मात्र आढळत नाही. साधनाची यथार्थता शिकवावयाच्या कौशल्याला पुरेशी असणे महत्त्वाचे असते.

पालकांशी बोलण्याच्या सरावासाठी पुतळ्याऐवजी प्रशिक्षित नटांची योजना करतात. अर्भकाचे आयुष्य वाचविता येणार नाही, हे आईवडिलांना कसे सांगावे याचा सराव अशा वेळी करविला जातो. रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या व्यक्तींचा शिक्षणात उपयोग करण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोझ यांनी १९६३ मध्ये सुरू केली.

पद्धती : प्रशिक्षणाचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात शिकणाऱ्यांना खोली, साधने व नियम यांची ओळख करून देतात. येथे झालेल्या चुका खोलीबाहेर सांगितल्या जाणार नाहीत, असे आश्वासनही दिले जाते. दुसऱ्या टप्प्यात १० ते १५ मिनिटांचा प्रसंग घडविला जातो. तिसऱ्या टप्प्यात त्यावर चर्चा होते. ती प्रसंगापेक्षा अधिक वेळ चालते.

उदाहरणादाखल, वार अवेळी सुटून रक्तस्राव झालेल्या मातेचे पूर्ण दिवसांचे अर्भक हा प्रसंग घेता येईल. सूचना मिळताच संघाने नायक ठरवावयाचा, कामे वाटून घ्यावयाची व साधने तपासावयाची असतात. पुतळा शिथिल व फिकट असून त्याची हृद्‌स्पंदने मिनिटास ५० आहेत. वायुवीजन मिनिटास ४० ते ६० या गतीने सुरू होते. परंतु छाती वर उचलली जात नाही, कारण प्रशिक्षकाने मुद्दाम लहान मापाचा मुखवटा ठेवलेला असतो. मुखवटा नीट बसविणे, मान सरळ करणे, तोंड व नाक साफ करणे, तोंड उघडणे, दाब वाढविणे व शेवटी श्वासनालात नळी घालणे या क्रमाने संघ दोष शोधतो. परिणामकारक वायुवीजन ३० सेकंद होऊनही स्पंदने ६० च्या वर जात नसतील, तर छातीदाबन सुरू करतात. त्यात दर तीन दाबांनंतर एक श्वास, म्हणजे मिनिटास ९० दाब व ३० श्वास, असे प्रमाण ठेवतात. त्यानंतर नाभी नीलेतून ॲड्रेनॅलीन व, रक्तस्राव झालेला असल्यामुळे, लवणद्राव किंवा रक्त देण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

औषधाच्या मात्रेसारख्या लहान तपशिलातही या सरावाचे मोल दिसते. ॲड्रेनॅलिनाची कुपी पुष्कळदा १ मिलि. मध्ये १ मिग्रॅ. या प्रमाणाची असते व अर्भकासाठी ती दहापट सौम्य करावी लागते. ३ किग्रॅ. वजनाच्या अर्भकास मिग्रॅ. ०.०२ प्रतिकिग्रॅ. या हिशोबाने सौम्य द्रावाचे ०.६ मिलि. द्यावयाचे असते. गडबडीत सौम्य करणे राहून गेले, तर मात्रा दहापट होते. म्हणून नायकाने औषध व मात्रा मोठ्याने सांगणे, परिचारिकेने ती परत उच्चारणे आणि दिल्यावर तसे कळविणे ही त्रिपदी सवय लावली जाते. हाताखालच्या व्यक्तीने वरिष्ठाची चूक लक्षात येताच आदराने पण स्पष्टपणे सांगणे, हाही सरावाचाच भाग असतो. ज्या रुग्णालयांत श्रेणीचे भान तीव्र असते, तेथे याची आवश्यकता अधिक असते.

चर्चेत प्रशिक्षक दोष दाखविण्याऐवजी प्रश्न विचारतो. चित्रफीत पाहून ‘या क्षणी तुम्हाला काय वाटत होते’ असे विचारल्यावर कृतीमागील विचार बाहेर येतो. चुकीचे मूळ बहुधा तेथेच असते. प्रसंग संपताच चर्चा टाळल्यास शिकणाऱ्याच्या मनात चूक तशीच पक्की होण्याचा संभव असतो. खुद्द नवजात विभागात किंवा प्रसूतिगृहात असा सराव केल्यास जागेचे दोषही उघड होतात. शोषणयंत्राची नळी न पोहोचणे, कपाटाची किल्ली न सापडणे यांसारख्या गोष्टी खऱ्या प्रसंगापूर्वीच दुरुस्त करता येतात.

फलनिष्पत्ती : शिकणाऱ्याचे समाधान, त्याचे ज्ञान व कौशल्य, प्रत्यक्ष कामातील वर्तन आणि रुग्णाला झालेला लाभ अशा चार चढत्या पायऱ्यांवर प्रशिक्षणाचे फळ मोजतात. पहिल्या दोन पायऱ्या गाठणे सोपे असते; शेवटच्या दोन अवघड असतात.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील साउथमीड रुग्णालयात सर्व प्रसूतिगृह-कर्मचाऱ्यांना सांघिक सराव सक्तीचा केल्यावर जन्मानंतर पाच मिनिटांनी अपगार गुणांक ७ पेक्षा कमी असलेल्या पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे प्रमाण दर दहा हजारी ८६.६ वरून ४४.६ पर्यंत, तर ऑक्सिजनाच्या अभावामुळे मेंदूला झालेल्या विकाराचे प्रमाण २७.३ वरून १३.६ पर्यंत उतरले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. टांझानियातील आठ रुग्णालयांत साध्या बाहुलीवरील प्रशिक्षणानंतर पहिल्या २४ तासांतील अर्भकमृत्यू ४७ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये नोंदविले गेले.

याच देशातील हायडम येथील रुग्णालयाचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथे एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर सात महिन्यांनी घेतलेल्या चाचणीत बाहुलीवरील पुनरुज्जीवनात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण १८ वरून ७४ टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसले. परंतु खऱ्या अर्भकांवरील उपचारांत मात्र फरक पडला नाही. पुढे प्रसूतिगृहातच दर आठवड्याला काही मिनिटांचा व दरमहा थोडा दीर्घ सराव सुरू करण्यात आला. त्यानंतर २४ तासांतील मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ११.१ वरून ७.२ पर्यंत खाली आले. बाहुली तीच होती व अभ्यासक्रमही तोच होता. बदलली ती सरावाची वारंवारता. अशी कौशल्ये काही महिन्यांतच मंदावतात, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा थोडा पण नियमित सराव अर्भकाच्या अधिक उपयोगी पडतो. वरील अभ्यास बहुतांशी प्रशिक्षणापूर्वीच्या व नंतरच्या काळांची तुलना करणारे असल्याने त्याच काळात झालेल्या अन्य सुधारणांचा वाटा पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.

भारतातील प्रसार : राष्ट्रीय नवजातशास्त्र मंचाची स्थापना १९८० मध्ये झाली. या मंचाने १९९० च्या सुमारास नवजात पुनरुज्जीवन कार्यक्रम देशात आणला. पुढे भारतीय बालरोग अकादमीने ‘सुवर्ण मिनिटा’वर भर देणारे अभ्यासक्रम ठिकठिकाणी चालविले. केंद्र शासनाने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू करून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका व साहाय्यक परिचारिका-प्रसाविका यांना बाहुलीवर दोन दिवसांचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमानुसार महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा असणे आवश्यक झाले.

कर्नाटकातील बेळगाव परिसरात ५९९ प्रसूति-सेवकांना प्रशिक्षण दिल्यानंतर ताज्या मृतजन्मांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. नवजातमृत्यूंचे प्रमाण मात्र बदलले नाही. श्वास न घेणारे पण हृदय चालू असलेले अर्भक मृत समजून बाजूला ठेवले जाणे, हे मृतजन्मांच्या मोठ्या आकड्यामागील एक कारण असते. सरावामुळे असे अर्भक जिवंत म्हणून ओळखले जाते. मात्र पुढे त्यास संसर्ग व अल्पवजन यांपासून वाचविण्यास वेगळ्या सोयी लागतात.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने स्थानिक स्त्रियांना घरच्या घरी नवजाताची काळजी घेण्यास शिकविले. श्वासरोधावरील उपचार हा त्याचा एक भाग होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजातमृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे यश संपूर्ण सेवासंचाचे असले, तरी अल्पशिक्षित व्यक्तीही नेमक्या प्रशिक्षणाने व सततच्या देखरेखीने ही कौशल्ये आत्मसात करू शकते, हे त्यावरून दिसून आले.

मर्यादा : अत्यंत लहान अर्भकाच्या त्वचेचा नाजूकपणा, फुप्फुसांचा बदलता ताठरपणा व श्वासमार्गातील स्राव यांचे पूर्ण अनुकरण कोणत्याही पुतळ्यास अद्याप साधलेले नाही. औषध भरण्याचे केवळ नाटक केल्यास त्या क्रियेस लागणारा खरा वेळ कळत नाही आणि चुकीची सवय जडते. पुतळ्याचा मृत्यू दाखवावा किंवा कसे, याबद्दल मतभेद आहेत : सर्व प्रयत्न योग्य होऊनही अर्भक दगावू शकते, हे शिकणाऱ्यास कळले पाहिजे, असे काहींचे मत आहे, तर त्यामुळे नवशिक्याचा आत्मविश्वास खचतो, असे इतरांना वाटते. सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्रांची नसून प्रशिक्षकांची व वेळेची आहे. महाग पुतळा चालविणारे कोणी नसल्यास तो खोक्यातच राहतो. उलट प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यात ठेवलेली साधी बाहुली, पिशवी व मुखवटा यांवर प्रत्येक पाळीच्या आरंभी पाच मिनिटे हात फिरविण्याची प्रथा लहान रुग्णालयासही परवडते. २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख अर्भके जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली. जन्मसमयीचा श्वासरोध हे त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक आहे व त्यावरील पहिला उपचार बहुतेक वेळा जवळ असलेल्या व्यक्तीच्या हातांवर अवलंबून असतो.